अ कुठं लागतो, कुठं नाही

आमच्या न्हावरे गावात कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्याकडं येतो. विम्याचा असो, बँकेचा असो, नाहीतर पोराच्या कॉलेजचा. "धाकलीला दाखव जा," असं म्हणतात आणि माणूस कागद हातात धरून आमच्या ओट्यावर हजर. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझं माहेर दौंड. वडील रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरच्या रांगेत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिली मुलगी. लग्न होऊन शेतकऱ्याच्या घरात आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली व्याकरणाची पुस्तकं होती. आजही संध्याकाळी गावातली आठ-दहा मुलं माझ्याकडं इंग्रजी शिकायला येतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. राग माझ्या नाकावर असतो. शिकवताना तर विचारूच नका. एकच चूक तिसऱ्यांदा झाली की माझा आवाज रस्त्यापलीकडच्या गोठ्यापर्यंत जातो. मुलं घाबरत नाहीत, हसतात. पण थोरल्या जाऊबाईंना शिकवायची वेळ आली तेव्हा या रागाचं करायचं काय, हा प्रश्न पडला. घरात त्या मोठ्या. मी त्यांना ताई म्हणते, अहो-जाहो करते, सणावाराला वाकून नमस्कार करते. अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

जाऊबाई कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहेत. गाड्यांना लागणाऱ्या रबरी रिंगा बनतात तिथं. त्या पॅकिंगला, ठेकेदाराच्या हजेरीवर, नऊ वर्षं. सकाळी कंपनीची बस फाट्यावर येते, त्याच्या आधी यांचा सगळ्या घराचा स्वयंपाक झालेला असतो. बारावी शिकल्यात, पण इंग्रजीचं नाव काढलं की पदर तोंडाला.

या बाईच्या हातात काय आहे, ते आमच्या घराला ठाऊक होतं. कांदा निवडायला बसल्या की नजर दुसरीकडं, बोलणं चालू, आणि हात आपला ढिगात. मऊ पडलेला, आतून सडायला लागलेला, जोडकांदा, सगळं बोटांना कळतं. कंपनीतही तेच. रिंग पिशवीत भरताना अंगठ्याला चीर लागायची. त्या सांगायला जायच्या आणि उत्तर मिळायचं, "बाई, तुम्ही पॅक करा. बघायचं काम तुमचं नाही." मग ती चिरलेली रिंग त्यांनाच आपल्या हातानं पिशवीत भरावी लागायची. नऊ वर्षं! मी असते तर पहिल्याच दिवशी भांडून घरी आले असते. त्या घरी येऊन फक्त म्हणायच्या, "आज बी चार खराब गेल्या बघ." त्या रात्री जेवण कमी जायचं त्यांना.

म्हणून इन्स्पेक्टरची जागा हवी होती. माल बघायचं काम ज्याचं, तो इन्स्पेक्टर. त्यानं लाल चिठ्ठी लावली की माल तिथंच थांबतो. दोन जागा कंपनीत काम करणाऱ्यांतूनच, ठेकेदाराच्या माणसांतूनही, भरणार होते. परीक्षा एवढीच, की ट्रे तपासायचे आणि काय सापडलं त्याचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा. मागच्या वर्षी जाऊबाई बसल्या आणि नापास झाल्या. घरात कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं ते यंदा, मेथी निवडता निवडता.

"म्या लिवलं व्हतं, रिंग हॅज क्रॅक," त्या म्हणाल्या. "साहेबानं समद्यांम्होरं वाचून दावलं. म्हणला, कौनसी रिंग? एक रिंग के पूरा लॉट? दोन गाड्या माल थांबवू का एक रिंग फेकू? समदी हसली."

साहेब म्हणजे तिकडचा इंजिनिअर. उत्तरेकडचा तरुण मुलगा, हिंदीत बोलणारा. मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. पण खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न बरोबर होता. आपण मराठीत 'रिंगेला चीर आहे' म्हणतो आणि ऐकणारा समोर उभा असतो, त्याला दिसतं आपण कुठल्या रिंगेबद्दल बोलतोय. रिपोर्ट वाचणारा समोर नसतो. त्याला इंग्रजीतला तो एवढासा 'अ' लागतो, नाहीतर त्याला कळत नाही एक की सगळ्या.

"पुन्हा परीक्षा हाय," जाऊबाई मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाल्या. "ही शेवटची. पुढच्या सालापासनं भाहेरची डिप्लोमावाली पोरं घेणार हायेत. एवढं 'अ'चं तेवढं शिकवशील का मला?"

एवढं 'अ'चं! मला हसू आलं. मी म्हटलं, आठ दिवसांत शिकवते. बी.ए. काय उगाच केलंय?

आठ दिवसांत माझं डोकं उठलं. पहिली पाळी करून त्या चारच्या सुमारास यायच्या, चहा घ्यायच्या आणि वही घेऊन ओट्यावर बसायच्या. मी पुस्तकातले नियम सांगायचे. जे मोजता येतं आणि एकच आहे, त्याच्या आधी अ. स्वराचा उच्चार असेल तर ॲन. दूध, पाणी, तांदूळ यांना काही नाही. अनेक असतील तर नाही. धंदा सांगताना लावायचा.

"दूध मोजत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "मग डेअरीवर काय करत्यात?"

"अहो ताई, तिथं लिटर मोजतात. अ लिटर ऑफ मिल्क. एक ते लिटर आहे, दूध नाही."

"आन् बातमी? बातमी तर एक असती की."

"न्यूजला नाही लागत."

"का?"

"नाही लागत म्हणजे नाही लागत!"

हे मी जरा मोठ्यानं बोलले. आत चुलीपाशी आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, बसल्या होत्या. त्यांनी तिथनंच विचारलं, "कोन कुणाला वरडतंय गं?" जाऊबाईंनी माझी बाजू घेतली. "कोन न्हाई आत्या, आमी अभ्यास करतोय."

सगळ्यात जास्त घोडं अडलं ते 'मी ऑपरेटर आहे' यापाशी. कंपनीच्या कार्डावर पॅकिंगच्या बायकांनाही ऑपरेटरच लिहितात. पुस्तकाप्रमाणं तिथं ॲन पाहिजे. त्या दर वेळी 'आय ॲम ऑपरेटर' म्हणायच्या. मी दर वेळी मध्येच 'ॲन' घुसडायचे. पाचव्या वेळी मी वही मिटली. त्या हळूच म्हणाल्या, "मी आपली साधी ऑपरेटर. मला कशाला आन् त्ये?" मी म्हटलं, "अहो, साध्यालाच लागतं. तुमच्यासारख्या पुष्कळ आहेत, त्यातल्या तुम्ही एक." त्यांना कळलं की नाही, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आय ॲम ऑपरेटर'. मी कपाळाला हात लावला.

मग सुट्टीचा दिवस आला. कांदाचाळीतला कांदा निवडायचा होता, गाडी येणार होती. आम्ही तिघी ढिगाभोवती बसलो. आत्याबाई, जाऊबाई आणि मी. मी सगळ्यात हळू, कारण मी प्रत्येक कांदा फिरवून फिरवून बघते. जाऊबाई नेहमीसारख्या, नजर बांधावरच्या म्हशीवर आणि हात ढिगात. अभ्यासाचं कुणी काही बोलत नव्हतं. मी तर रुसूनच बसले होते.

एकदम त्या थांबल्या. हातात एक कांदा होता, मऊ पडलेला. त्यांनी तो वर धरला.

"आपण म्हणतो, यंदा कांदा चांगला हाय. तवा एक कांदा म्हणायचं असतं का आपल्याला?"

"नाही," मी म्हटलं. "सगळा कांदा."

"व्हय. ढीग. ढिगाला त्यो अ न्हाई. आन् ह्यो म्या उचलला. कुठला? कुठला बी. ढिगातला एक, हातात आला. ह्याला अ." मग त्यांनी तो आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला. "आन् आता आत्यांनी बी बघितला. आता पुन्हा बोलले तर ह्योच कांदा. आता अ न्हाई, आता त्ये दुसरं. द."

मी तोंडात बोट घातलं. त्यांचं थांबेना. "दुधाला हात घातला तर एक दूध हातात येतं का? न्हाई येत. वघळून जातं. म्हणून त्याला न्हाई. आन् मी ऑपरेटर. हितनं तितनं पाचशे बायका, त्यातली एक तुज्यासारखीनं उचलली, म्हणली ही. म्हणून मला बी लागतं." एवढं बोलून त्या पुन्हा निवडायला लागल्या, जसं काही झालंच नाही.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला नाही. आधी पोटात दुखलं. तीन वर्षं कॉलेज केलं, इतकी वर्षं शिकवतेय, आणि ढीग आणि हात मला कधी सुचले नव्हते. मग थोड्या वेळानं अंगावर मूठभर मांस चढलं, की ही बाई माझ्या घरची आहे. संध्याकाळी मुलं आली तेव्हा मी त्यांना कांद्याचा ढीग घालून शिकवलं. त्यात बारीकसारीक गोष्टी बसत नाहीत, इंग्रजीत ढिगाला एस लागतो, न्यूज तर कुठल्याच ढिगात बसत नाही, तेवढं पाठच करावं लागतं. पण बाकी सगळं बसतं. मुलांना मी सांगितलं की हे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शोधलंय. स्वतःच्या नावावर खपवावं असा विचार मनात येऊन गेला होता, तोही सांगून टाकते.

परीक्षेच्या दिवशी मी दुपारपासून फाट्याकडं डोळे लावून होते. बस आली, त्या उतरल्या, आणि चालण्यावरनंच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. पिशवी नेहमी खांद्याला असते, ती हातात लोंबत होती.

"काय झालं?"

"चूक झाली."

"अ विसरलात?"

"न्हाई. ट्रे वतला."

मला काही समजेना. त्यांनी घरी येऊन पाणी पिऊन सांगितलं, ते असं. तीन ट्रे दिले होते. ट्रेला खण असतात आणि एकेका खणात एकेक रिंग. साच्याच्या कुठल्या खोबणीतून रिंग निघाली, ते त्या खणावरून कळतं. म्हणून रिंग उचलायची, बघायची आणि पुन्हा तिच्याच खणात ठेवायची. बाकीच्या बायका आणि पोरं तसंच करत होती, एकेक रिंग उजेडाला धरून. जाऊबाईंचा हात तसा चालतच नाही. पॅकिंगला माल सुटाच येतो, ट्रे त्यांनी कधी हाताळलाच नव्हता. घाबरल्या होत्या, वेळ जात होता. आणि हातांनी जे जन्मभर केलं तेच केलं. पहिला ट्रे उचलला आणि टेबलावर पालथा केला. ढीग!

"साहेब वरडला, अरे अरे मॅडम, ये क्या किया! समदी बघाया लागली."

"मग?"

"मग काय? झाला ढीग. ढिगात हात घातला." तिथंही त्या भिंतीकडं बघत बसल्या आणि बोटं चालत राहिली. पहिल्या ट्रेतल्या दोन बाजूला काढल्या. दुसरा आणि तिसरा ट्रे शहाण्यासारखा खणाखणानं तपासला, त्यातली एकेक. अशा चार झाल्या. साहेबानं मुद्दाम घातलेल्या तीनच होत्या, हे बाहेर आल्यावर बाकीच्यांच्या बोलण्यावरून कळलं. सगळ्यांना तीन सापडल्या होत्या. काहींना दोन.

"म्हणजे चौथी चुकीची काढलीत?"

"चीर व्हती तिला. माझा अंगठा खोटं सांगत न्हाई."

"बरं, आणि रिपोर्ट?"

त्यांनी रिपोर्ट मला तोंडपाठ म्हणून दाखवला. आय फाउंड अ क्रॅक इन अ रिंग. आय फाउंड अ कट इन अनदर रिंग. अशा चार ओळी, एकही अ चुकलेला नाही. माझी छाती फुगत चालली होती. आणि मग शेवटी, आय एम्प्टीड अ ट्रे. इट वॉज अ मिस्टेक. आय कॅनॉट टेल द प्लेस ऑफ टू रिंग्ज.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलंत? साहेब ओरडला ते हवेत गेलं असतं! कागदावर कशाला घालायचं?"

"मग कागदावर काय घालायचं? रिंगेची चूक घालायची आन् माझी न्हाई?"

"शेवटची संधी होती, ताई! महिनाभर माझा जीव आटवला मी, आणि तुम्ही…" पुढं मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते. ट्रे पालथा करायला परीक्षा म्हणजे काय कांद्याचा ढीग वाटला का, असं मी म्हणाले. जिच्या पाया पडते तिला. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हशीला वैरण टाकायला गेल्या.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. घरात दोन सुना गप्प असल्या की सगळ्यांनाच ऐकू येतं. आत्याबाईंनी मला भाकरी थापताना गाठलं. "तिनं काय चोरी केली का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. "मग?" पीठ हातातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्या बसमधून उतरल्या तेव्हा मी फाट्यावर उभी होते. म्हटलं, "ताई, चुकलं माझं. फार वाईट बोलले मी." त्या म्हणाल्या, "तू वरडतीस म्हणून तर मला येतंय. गोड बोलली असतीस तर मी कवाच वही ठिवली असती." आणि माझ्या हातात पिशवी देऊन पुढं चालायला लागल्या. मग मागं न वळताच म्हणाल्या, "आज बोलावलं व्हतं साहेबानं."

मी पळत त्यांना गाठलं. साहेबानं तीन दिवस चौथी रिंग टेबलावर ठेवली होती. त्यानं स्वतः ती चांगली म्हणून ट्रेमध्ये ठेवली होती. भिंगाखाली धरली तेव्हा चीर दिसली, केसाएवढी, आतल्या कडेला. त्यानं सगळ्या उमेदवारांना बोलावलं आणि जाऊबाईंचा कागद पुन्हा एकदा सगळ्यांपुढं वाचला. या वेळी कुणी हसलं नाही. वाचून म्हणाला, "इस रिपोर्ट में क्या मिला, वो भी समझा. क्या गड़बड़ हुई, वो भी समझा." मग ट्रे ओतल्याबद्दल झापलंही. दोन आठवडे नुसतं ट्रे कसा धरायचा ते शिकायचं, असं सांगितलं. आणि जागा दिली.

मी फाट्यावरच्या रस्त्यात, उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या त्यांच्या बाजूला, मोठ्यानं रडले. एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारायला लागला, मावशी काय झालं. मी त्याला म्हटलं, माझी जाऊ इन्स्पेक्टर झाली. त्याला वाटलं पोलिसात. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

ट्रे धरायचे दोन आठवडे संपून त्यांना खरी जागा मिळाली, त्या आठवड्यातली गोष्ट. त्या घरी आल्या, हातपाय धुतले, चहा घेतला. आम्ही सगळे ओट्यावर होतो. त्या रोजच्यासारख्याच बसल्या होत्या, पण आत काहीतरी उकळत होतं, ते दिसत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "काय गं, आज लई गप?"

"आज रिपोर्ट लिवला. पयला."

"मग म्हणून दाव की. आमाला बी ऐकू दे विंग्रजी."

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, हात मांडीवर घेतले आणि सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत, सगळा रिपोर्ट म्हणून दाखवला. दहा-बारा वाक्यं होती. माझे कान टवकारलेले होते, सवयच ती, आणि टोकायला मला एकही जागा मिळाली नाही. आत्याबाईंना अक्षरही समजत नव्हतं, पण त्या शेवटपर्यंत जाऊबाईंच्या तोंडाकडं बघत होत्या.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी काय झालं?"

"म्हंजी माल खराब व्हता, आत्या. अख्खी गाडी भरली व्हती, निघायच्या बेतात. मी म्हणलं, थांबवा."

"मग?"

"थांबली."